दादाच्या शालीतली खोट

—हो, तिथंच. बरोबर बोट ठेवलंत ताई. काठापासून चार बोटं आत, एक आडवा धागा नाही तिथं. पुरी वीतही नाही, अर्धी वीत. उजेडाकडं धरली तर झिरी दिसते, एरवी नाही दिसायची. — नाही, नाही, हसलात म्हणून मला काही वाटलं नाही. हसा की. चौकात गाईडनं सांगितलंच असणार तुम्हाला — खोट शोधा, खोट सापडली तर माल हातचा, नाही सापडली तर मशीनचा. सगळ्यांना तेच सांगतो तो. मग माणसं दुकानात शिरतात ती सुनेच्या हातचं चाखायला बसलेल्या सासूसारखी, कपाळाला आठी घालून. आणि सापडली की काय आनंद! टाळ्या वाजवतात काही जण. तुम्ही नाही वाजवल्या, बरं केलंत. जरा द्या ती इकडं. काढून घेत नाही हो, नुसती बघतो. चष्मा — कुठं गेला — हा काय, कपाळावर. बसा त्या स्टुलावर. दमला असाल, चढ आहे आमच्या गल्लीला.

कुठं सापडली म्हणालात? खालच्या फडताळात? हां — आज सकाळी पुतण्यानं ते रिकामं केलं, तिथं आणखी चार स्टुलं मावतील म्हणून. तो काउंटरवर बसलाय ना, जाड भिंगांचा, तो माझा पुतण्या. दुकान त्याचं. मी आपला मागावर बसतो. तीन वर्षं ही शाल मी त्या फडताळात तळाशी घालून ठेवली होती, जुन्या पोत्याखाली, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. आणि शेवटी लागलीच. — विकायची नाही असं कसं म्हणू? दुकानात आहे ती विकायचीच. न्या तुम्ही. एवढंच मागणं आहे — ही खोट मला भरू द्या आणि मग न्या. अर्धा तास लागेल. पैसे नको त्याचे. धागा आहे माझ्याकडं, ह्याच रंगाचा — ह्याच शालीचा.

नको? तशीच हवी? — कळतं ना, का नाही कळणार. खोट नसली तर घरचे म्हणतील, एवढ्या लांब जाऊन मशीनची आणलीस. पण ताई, ज्यानं ही विणली त्याची ही खोट नाही. त्याच्या हाताला खोट ठाऊकच नव्हती. ही माझी आहे. मी घातलेली. — नाही, उगीच नाही सांगत. तुम्ही लगेच हो म्हणू नका. मी सुई तेवढी ओवून ठेवतो.

माझा मोठा भाऊ. दादा. ह्या दोन मागांपैकी दारापाशी मी आणि आत भिंतीकडं तो, अशी आम्ही चाळीस वर्षं काढली. तो रिकामा माग दिसतोय ना, ज्यावर टोप्या मांडल्यात, तो त्याचा. तेव्हा ह्या गल्लीत घरटी एक माग होता. सकाळी सगळे सुरू झाले की समोरासमोर उभं राहून बोललेलं ऐकू यायचं नाही. भांडणं सगळी जेवणाच्या वेळेला व्हायची, माग थांबले की — तोपर्यंत राग दाबून ठेवायचा माणसांनी, निम्मी भांडणं तशीच जिरून जायची. आता तो समोरचा कॉफीवाला आहे ना, तो मागाचा आवाज लावतो त्याच्या गाण्यांच्या पेटीवर, हळू आवाजात, गिऱ्हाईकांना बरं वाटतं म्हणून. ऐकू येतोय? खटाक-खट, खटाक-खट. बाकी घरांत आता कुणी नाही, सगळ्या खोल्या भाड्यानं. चार दिवसांची माणसं येतात. चांगली असतात बिचारी. पण शेजार म्हणावा तर शेजार नाही.

दादाचं काम कसं, तर — कापड मागावरून उतरलं की ते तपासायचं, ही आमची रीत. दोघं लागतात. एकानं एक टोक ताणून धरायचं आणि विणणाऱ्यानं डोळे मिटून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवत जायचं. डोळे का मिटायचे? डोळा माणसाला फसवतो, आपलं काम म्हटलं की जास्तच फसवतो. तळवा नाही फसवत. धागा सुटला असेल, दुहेरी पडला असेल, ठोका हलका बसला असेल, तळवा तिथं अडतो. माझा तळवा अडायचा. वर्षातून दोनदा, तीनदा. मी आपला बरा विणकर, एवढंच. दादाचा कधी अडला नाही. त्याच्या कापडाचं दुसरं टोक चाळीस वर्षं मीच धरत आलोय, म्हणून सांगतो. टोकाला पोचला की डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "सोड." एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. सोड. — मान हलवलीत ना तुम्ही आत्ता? म्हणजे हो ना? मी हो समजतो हं. कात्री, सुई, आणि हा चष्म्याच्या घरातला धागा. बघा, कसा नागमोडी आहे अजून. तीन वर्षं झाली बाहेर काढून, पण जिथं उभ्या धाग्याच्या वरून जात होता तिथं वर, खालून जात होता तिथं खाली — वळणं मोडली नाहीत त्यानं. आपली जागा विसरत नाही धागा.

तर ही माणसं यायला लागली. तुमच्यासारखी. तुम्हाला बोलत नाही, पण यायला लागली. आधी थोडी, मग गाड्या भरभरून. आम्हाला चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी लांबून येतं, आपल्या हाताकडं बघत उभं राहतं — आयुष्यात कुणी बघितलं नव्हतं आमच्या हातांकडं. दादासुद्धा खूश होता. दाखवायचा नाही, पण दाढी रोज करायला लागला. मग एक दिवस एक गृहस्थ आले, भिंग घेऊन. दादाची शाल भिंगाखाली धरून ह्या काठापासून त्या काठापर्यंत बघितली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ही हातची नाही. हाताचं काम इतकं साफ नसतं. म्हातारा दाखवायला बसवलाय." असं. दादा मागावरच बसलेला. त्यांच्यासमोर त्यानं बोटभर विणून दाखवलं, म्हणाला, "आता बघा." ते म्हणाले, "हे ठीक आहे हो, पण ती नाही." आणि गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले. दादा मला म्हणाला, "काय रे, म्हणजे चांगलं केलं हाच गुन्हा झाला की." हसला. मीही हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

मग गाईडनं ते खोटीचं सुरू केलं आणि — थांबा, जरा हळू बोलतो — मग पुतण्यानं गिरणीतून कापड आणायला सुरुवात केली. हा सगळा ढीग तिथलाच. होय, हाही, आणि तो वरचाही. बघू नका तिकडं, त्याला कळेल. ट्रक येतो आठवड्याला. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सुई घेऊन बसतो आणि एकेकात खोट घालतो. कुठं धागा काढायचा, कुठं दोन धागे सरकवायचे, कुठं गाठ सोडायची. एकसारख्या घालायच्या नाहीत, नाहीतर कळतं. त्यातही कसब लागतं, हसू नका. लहानपणी दादानं माझ्या बोटांवर फणी मारून मारून ज्या चुका घालवल्या, त्याच सगळ्या मी आता आठवून आठवून घालतो. माझी एकही चूक वाया गेली नाही बघा. — झालं, तुम्हाला सांगायला नको होतं हे. तो बघतोय का इकडं? नाही ना? बरं.

हं. हा पहिला टाका गेला. एक वर, एक खाली. दोन्ही टोकांना बोटभर दुसरा धागा जोडीनं घ्यायचा, म्हणजे धरून राहतं.

पुतण्याला दादानं बजावलं होतं — तुझा धंदा तू कर, पण माझ्या कापडाला सुई लावायची नाही. बापच तो, पुतण्यानं ऐकलं. पण दादाच्या शाली पडून राहायला लागल्या. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, खोट शोधायचं, सापडली नाही की घडी मोडून ठेवून द्यायचं. गिरणीच्या जायच्या आणि ह्याच्या राहायच्या, एकाच फळीवर. मग पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबांचा माग काढावा म्हणतो. तेवढ्या जागेत फळ्या होतील. तू एकटा बसलास तरी लोकांना बघायला पुरे." वाईट नाही तो पोरगा. भाडं वाढत होतं, त्याची त्याला काळजी. पण दादाला मागावरून उठवायचं म्हणजे — तुम्ही लग्न झालेल्या आहात? मग तुम्हाला सांगायला नको, काही माणसं बसल्या जागीच जगतात. उठवली की संपली. मी म्हटलं, "दोन महिने थांब. शाली खपतील. मी बघतो."

मी काय बघितलं असेल, तुम्हीच सांगा. दादा तपासून, घडी घालून फळीवर ठेवायचा. दुपारी घरी जेवायला गेला की मी ती घडी उघडायचो, एक धागा काढायचो आणि होती तशी घडी घालायचो. एकदा फळीवर गेलेल्या कापडाला तो पुन्हा हात लावायचा नाही. आणि शाली खपायला लागल्या की. आठवड्यात दोन खपल्या. दादा म्हणाला, "बघ, ओळखणारे येतात शेवटी." मी म्हटलं, "येणारच." किती सुखाची वर्षं — वर्षं कुठली, सात-आठ महिने. माझं मलाच कौतुक वाटत होतं. भावाला सांभाळला म्हणून.

ही शाल मागावर होती. संपत आली होती. त्या दिवशी सकाळी पुतण्या म्हणाला, "काका, दुपारी मोठी गाडी येणार आहे, बाबांचं कापड त्यांच्यासमोर मागावरून उतरवायचं आणि तिथल्या तिथं द्यायचं. लोकांना आवडेल." मग मी विचार केला, तिथल्या तिथं द्यायचं म्हणजे फळीवर जाणार नाही, मला वेळ मिळणार नाही, आणि भर गर्दीत कुणीतरी म्हणणार, खोट कुठाय? पुन्हा त्या भिंगासारखं होणार. म्हणून दादा जेवायला गेल्यावर मी मागावरच, गुंडाळलेलं कापड हातभर उलगडून धागा काढला. हाच. आणि गाडी आलीच नाही. रस्त्यात दुसरं कुठलं गाव त्यांना आवडलं, तिथंच उतरले म्हणे. मी धागा परत घालायला बसणार, तर दादा आला. जेवण अर्धवट टाकून आला होता, लोक ताटकळायला नकोत म्हणून.

लोक नाहीत तर मग रोजच्यासारखं. त्यानं कापड उतरवलं. मी टोक धरलं. — ताई, मी तेव्हा टोक सोडून द्यायला हवं होतं. पाण्याचा तांब्या सांडायला हवा होता, काहीही करायला हवं होतं. मी धरून उभा राहिलो. त्यानं डोळे मिटले आणि तळवा फिरवत यायला लागला, सावकाश, आणि इथं — आत्ता माझी सुई आहे ना, इथं — थांबला. मागं गेला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. डोळे उघडले नाहीत त्यानं. तसंच विचारलं, "हे काय रे?" मग आपणच म्हणाला, "धागा सुटलाय. मला कळलं कसं नाही?" आणि मग मी म्हटलं — माझ्या तोंडानं म्हटलं — "वय झालं दादा. होतं एखादं."

एखादं. मला वाटलं, एका खोटीवर भागेल. खरं सांगितलं तर मागच्या सगळ्या निघतील, शाली खपत नव्हत्या तेही निघेल, मुलगा माग काढणार होता तेही निघेल. त्यापेक्षा एक खोट बरी. पण दादा तो दादाच. म्हणाला, "फळीवरच्या माझ्या सगळ्या आण." मी म्हटलं, कशाला. "आण." सात होत्या. त्यानं एकेक उलगडायला लावली, एकेकीचं टोक मला धरायला लावलं, आणि एकेकीवरून डोळे मिटून तळवा फिरवला. सातही ठिकाणी थांबला. प्रत्येक वेळी मला आधी माहीत, आता कुठं थांबणार ते, कारण मीच — आणि मी टोक धरून उभा. सातवीला त्यानं डोळे उघडले. मी वाट बघत होतो "सोड" म्हणायची. नाही म्हणाला. स्वतःच्या तळव्याकडं बघितलं, जसं काही दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्याला लागलाय. चपला घातल्या आणि गेला. परत मागावर बसला नाही.

जरा थांबा, डोळ्यात पाणी आलं की एकाचे दोन दिसतात धागे. — नको, रुमाल आहे माझ्याकडं.

वर्षभर जगला. आजार म्हणावा तर काही नाही. हातांवरचा विश्वासच गेला त्याचा. पेला दोन्ही हातांनी धरायचा. शर्टाची बटणं वहिनीकडून लावून घ्यायचा — म्हणायचा, "माझं काही खरं नाही, चुकीच्या काजात जातील." चाळीस वर्षं ज्या बोटांतून एक धागा सुटला नाही, ती बोटं मांडीवर घेऊन बसायचा, दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखी. मी रोज जायचो. रोज ठरवून जायचो, आज सांगायचं. एकदा सुरुवातही केली. म्हटलं, "दादा, त्या शाली आहेत ना—" तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "माहीत आहे मला. तुला आधीच सापडल्या असणार माझ्या चुका. तू कुणाला बोलला नाहीस. बरं केलंस." बरं केलंस म्हणाला, ताई. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला शाबासकी दिली, आणि ती ह्याची. मग पुढं काय बोलणार होतो मी? तसाच गेला तो. आपल्या हातात खोट आली असं धरून गेला. त्या सात शाली पुतण्यानं विकल्या, गेल्या कुठं कुठं. ही तेवढी मी लपवली. भरायची म्हणून लपवली, आणि तीन वर्षं भरायचं धाडस झालं नाही. धागा चष्म्याच्या घरात घेऊन फिरलो. तुम्ही बोट ठेवलंत म्हणून आज झालं. उपकार आहेत तुमचे.

पुतण्यानं ऐकलं वाटतं सगळं. मघापासून एकच पान उघडून बसलाय. ऐकू दे. त्याचा बाप होता.

हं, आणखी चार टाके… तीन… बसला. बघा, ओढावाही लागला नाही, आपणहून गेला. टोक तेवढं बाहेर आहे, ते कापलं की संपलं. फिरवा तळवा. तसा नाही, डोळे मिटून. मी धरतो टोक. या, या सावकाश… अडला कुठं? नाही ना? नाहीच अडणार.

काय म्हणालात? फोन? काढा की फोटो, त्यात काय विचारायचं, सगळेच काढतात. — फोटो नाही? मग? — हालता हवा. बरं. पण आता तर झालं भरून… पुन्हा? म्हणजे हा धागा परत काढू? आणि परत घालू, तुमचा फोन सुरू असताना? आणि दादाचंही सगळं परत सांगू — पहिल्यापासून, तुम्ही तिथं टेकून उभ्या राहिल्यावर? — खरं आहे, तुम्हाला रडू आलं, दिसलं मला. तुमच्या ओळखीतल्यांनाही येईल. खोटं नाही म्हणत मी. तुमचं मन चांगलं आहे. पण —

ऐकलंत, तो काय म्हणाला? मान वर केली नाही त्यानं. "कर काका. गिऱ्हाईक आहे." पान अजून तेच आहे बघा त्याच्यासमोर. आणि तरी म्हणाला.

कात्री कुठं ठेवली मी? — ही.

कापलं. नाही ताई, आता नाही निघायचा. कुठला होता ते मलाही सापडायचं नाही. — नको शाल? बरं. राहू द्या इथंच, माझ्या मांडीवर. तुम्हाला पाहिजे तशा त्या ढिगात आहेत, सकाळीच केल्यात, एकेक उजेडाकडं धरून बघा. मिळतील. — नाही, रागावलो नाही. सांगायचं तेवढं सांगून झालं, एवढंच. उठा आता, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय माझा.